ई-टाइपच्या स्वप्नासाठी कोणतं तिकीट घ्यावं? ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीचं परीक्षण

ब्रिटनमध्ये लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस गाडीवेडा असेल तर त्याच्या डोक्यात नुसते पैसे नसतात, एक ठरावीक गाडी असते. फार जणांच्या बाबतीत ती जग्वार ई-टाइप ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार असते. म्हणून इथे नॅशनल लॉटरीच्या तिकिटांना एकच कसोटी लावली आहे: बक्षीस लागलं तर त्यातून चांगली ई-टाइप दारात उभी राहील का, आणि तसं होण्याची शक्यता खर्च केलेल्या पैशाच्या मानाने किती?

नॅशनल लॉटरीत वेगवेगळे खेळ असतात. निकाल आधीच सांगून टाकतो. या कामासाठी लोट्टो घेऊ नका. थंडरबॉल त्याहून बरं. सगळ्यांत बरं ‘सेट फॉर लाइफ’, आणि तेही लोक ज्या बक्षिसासाठी घेतात त्यासाठी नाही, त्याच्या खालच्या बक्षिसासाठी.

आधी गाडीचा भाव धरू. ई-टाइप १५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हात लोकांसमोर आली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिच्या ७२ हजारांवर गाड्या निघाल्या. म्हणजे ही हातावर मोजण्याइतकी दुर्मीळ गाडी नव्हे. दुर्मीळ आहे ती न गंजलेली, मूळ इंजिनाची, नीट कागदपत्रांची गाडी. पहिल्या मालिकेची, म्हणजे १९६१ ते १९६८ मधली, उघड्या टपाची चांगली गाडी साधारण एक लाख पौंडांच्या पुढेच सुरू होते. बंद टपाची कूपे त्याहून स्वस्त. मागे दोन छोट्या सीट असलेली ‘टू प्लस टू’ १९६६ पासून आली. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, नऊ इंचांनी लांब, छत उंच, आणि भाव सगळ्यांत कमी. तेव्हा आपलं लक्ष्य १,२०,००० पौंड धरू. यात गाडी येते आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीलाही थोडे उरतात, निवड नीट केली असेल तर.

आता लोट्टो. तिकीट २ पौंडांचं, सोडत बुधवारी आणि शनिवारी, १ ते ५९ मधले सहा आकडे. शक्यता कशी काढायची ते एकदा समजून घेतलं की कुठल्याही जाहिरातीवर अवलंबून राहावं लागत नाही: ५९ × ५८ × ५७ × ५६ × ५५ × ५४ हा गुणाकार करा आणि त्याला ७२० ने भागा. उत्तर ४,५०,५७,४७४. सहा-सहा आकड्यांच्या इतक्या जोड्यांपैकी एक तुमची. १९९४ साली ही लॉटरी सुरू झाली तेव्हा आकडे ४९ होते, तिकीट १ पौंडाचं होतं आणि जोड्या १,३९,८३,८१६ होत्या. २०१३ मध्ये तिकीट दुप्पट झालं, २०१५ मध्ये आकडे १० ने वाढले. दहा आकड्यांनी शक्यता तिपटीहून अधिक लांबली, हे वाढीव आकडे बघून कुणाच्या सहसा लक्षात येत नाही.

पण लोट्टोची खरी अडचण शक्यतेत नाही, बक्षिसांच्या पायऱ्यांत आहे. पाच आकडे आणि बोनस, म्हणजे सहांनंतर काढलेला जादा आकडा, जुळले तर १० लाख पौंड. शक्यता ७५,०९,५७९ मध्ये एक. त्याच्या लगेच खालची पायरी, म्हणजे बोनसशिवाय पाच आकडे, १,४४,४१५ मध्ये एक, आणि बक्षीस फक्त १,७५० पौंड. मधे काहीच नाही. ई-टाइपची किंमत ज्या पट्ट्यात येते तिथे लोट्टोत रिकामी जागा आहे. पाच आकडे जुळवणारा माणूस जवळजवळ अशक्य गोष्ट करून दाखवतो आणि त्याच्या हातात ई-टाइपचे पाच टायर, बसवण्याची मजुरी आणि वर थोडी चिल्लर येते. चार आकड्यांचे १४० पौंड मिळतात, त्यात तेलबदल होतो. या इंजिनात साडेआठ लिटरच्या आसपास २०डब्ल्यू५० तेल जातं, शिवाय फिल्टर. तीन आकड्यांचे ३० पौंड म्हणजे सहा स्पार्क प्लग. दोन जुळले तर पुढच्या सोडतीचं एक फुकट तिकीट. गाडीसाठी उपयोगी दोनच बक्षिसं राहतात, वरची. दोन्ही मिळून ६४,३६,७८२ तिकिटांत एक, म्हणजे सरासरी १ कोटी २८ लाख ७३ हजार पौंडांची तिकिटं घ्यावीत तेव्हा एकदा ई-टाइपजोगं बक्षीस.

थंडरबॉलचं तिकीट १ पौंडाचं. ३९ मधले पाच आकडे आणि १४ मधला एक थंडरबॉल. सगळे जुळले तर ५ लाख पौंड, शक्यता ८०,६०,५९८ मध्ये एक. बक्षीस ठरलेलं असतं, साठत जात नाही, त्यामुळे त्याच्याभोवती गाजावाजाही नसतो. पण ज्याला राजवाडा नको, एक गाडी, एक कोरडं गॅरेज आणि एक चांगला मेकॅनिक हवा आहे, त्याला ५ लाख पुरून उरतात. दर पौंडामागे लोट्टोपेक्षा दीडपटीहून जास्त शक्यता, आणि तरी गाडीवेड्यांच्या तोंडी नाव लोट्टोचंच.

आता सेट फॉर लाइफ. तिकीट दीड पौंडाचं, सोडत सोमवारी आणि गुरुवारी. ४७ मधले पाच आकडे आणि १० मधला एक ‘लाइफ बॉल’. जोड्या १,५३,३९,३९०. सगळं जुळलं तर ३० वर्षं दरमहा १०,००० पौंड. जाहिरात याचीच होते. लाइफ बॉल चुकला पण पाचही आकडे जुळले, तर दरमहा १०,००० पौंड एक वर्षभर. बेरीज १,२०,०००. आपलं लक्ष्य अगदी बरोबर इथे बसतं. याची शक्यता १७,०४,३७७ मध्ये एक, आणि वरचं बक्षीस धरून दोन्हींची मिळून १५,३३,९३९ मध्ये एक. पौंडांत सांगायचं तर सरासरी २३ लाखांच्या तिकिटांमागे एक ई-टाइप. लोट्टोच्या साडेपाचपट चांगलं, थंडरबॉलच्या साडेतीनपट.

शिवाय बक्षीस हप्त्याहप्त्याने येतं, आणि जुन्या गाडीसाठी ही गोष्ट मोलाची आहे. गठ्ठ्याने पैसे हातात आलेला माणूस पहिल्या महिन्यात चकचकीत रंगाची गाडी बघून भुलतो. महिन्याला दहा हजार येणाऱ्याला थांबावंच लागतं. तो तीन-चार महिने गाड्या बघतो, चासी नंबर पडताळतो, तळ तपासायला माणूस पाठवतो. आणि मधल्या अवस्थेतली गाडी घेऊन दुरुस्त करायची असेल तर वर्कशॉपची बिलंही टप्प्याटप्प्यानेच येतात: पत्रा, मग रंग, मग इंजिन, मग आतलं चामडं आणि क्रोम. फक्त एक ध्यानात ठेवा. पूर्ण जीर्णोद्धाराचा खर्च गाडीच्या किमतीएवढा किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो, त्यामुळे वर्षभराच्या बक्षिसात भंगारातली ई-टाइप घेऊन नवी करण्याचा बेत बसत नाही. चालती, घट्ट पत्र्याची, रंग थोडा उतरलेली गाडी शोधावी.

तरीही आकडा आकडाच आहे. दोन्ही सोडतींना एक-एक तिकीट, म्हणजे वर्षाला १०४ तिकिटं आणि १५६ पौंड, या हिशेबाने सेट फॉर लाइफचं वरच्या दोनांपैकी एखादं बक्षीस सरासरी १४,७५० वर्षांतून एकदा. लोट्टोचे सहा आकडे याच गतीने ४ लाख ३३ हजार वर्षांतून एकदा. या खेळातलं ‘चांगलं’ हे एवढ्यापुरतंच चांगलं आहे. म्हणून आमची शिफारस एका तिकिटाच्या वर जात नाही. एका तिकिटाने शून्याचं काहीतरी होतं. दहा तिकिटांनी ते काहीतरी दहापट झालं तरी डोळ्यांना दिसण्याइतकं होत नाही, पैसे मात्र दहापट जातात.

आकडे निवडताना कुठलीही युक्ती शक्यता वाढवत नाही. लकी डिप, म्हणजे यंत्राने दिलेले आकडे, आणि कुलदैवताला कौल लावून काढलेले आकडे सारखेच. पण बक्षीस किती जणांत वाटलं जाईल यावर निवडीचा परिणाम होतो, आणि याची दोन उदाहरणं प्रत्येक खेळणाऱ्याला ठाऊक हवीत. १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे निघाले. पहिलं बक्षीस १.६ कोटी पौंडांच्या वर होतं, पण १३३ जणांनी तेच सहा आकडे लावले होते. प्रत्येकाला १,२२,५१० पौंड आले. आजच्या भावाने बरोबर एक ई-टाइप. कारण बहुधा असं की, आकडे भरायच्या कागदावर हे आकडे मधल्या रांगांत छान पसरलेले दिसत आणि अनेक जण खुणा करताना अशीच रचना धरतात. दुसरं, मार्च २०१६ मध्ये निघालेल्या आकड्यांत ७, १४, २१, ३५ आणि ४२ असे पाच आकडे सातच्या पाढ्यातले होते. पाच आकडे जुळवणारे एका सोडतीत ४,०८२ निघाले आणि त्यांना प्रत्येकी १५ पौंड मिळाले, तीन आकडेवाल्यांना त्या वेळी २५ मिळत होते. तेव्हा वाढदिवसांचे १ ते ३१, पाढे, एका सरळ रेषेतले आकडे टाळावेत. एवढं केलं की निवडीचा विषय संपला.

गट करून खेळायचं असेल, ऑफिसात किंवा मंडळात, तर कागदावर लिहून घ्या: कोण किती भरणार, तिकीट कोण घेणार, कोणी एका आठवड्याचे पैसे चुकवले तर काय. सही-तारीख हवी. हा कागद भांडण टाळण्यासाठी तर हवाच, पण ब्रिटनमध्ये त्याचं दुसरंही काम आहे. बक्षीस एकाच्या नावावर येऊन मग इतरांना वाटलं गेलं, तर ते दान समजलं जाऊन पुढे वारसा कराचा प्रश्न येऊ शकतो. आधीचा लेखी करार असला की तो हिस्सा मूळचाच त्यांचा ठरतो. बक्षिसावर मात्र ब्रिटनमध्ये प्राप्तिकर नाही. दाव्याची मुदत १८० दिवस. कागदी तिकीट घेतलं असेल तर मागे नाव-पत्ता लगेच लिहा.

युरोमिलियन्सबद्दल थोडक्यात, कारण ते वेगळ्या स्वप्नाचं तिकीट आहे. अडीच पौंड, १३,९८,३८,१६० मध्ये एक. साध्या ई-टाइपसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये. पण मनात १९६३-६४ मधली ‘लाइटवेट’ ई-टाइप असेल, अ‍ॅल्युमिनियमची, मूळच्या फक्त १२ बनलेली, तर दुसरं तिकीटच नाही. २०१७ साली स्कॉट्सडेलच्या लिलावात त्यातली एक ७३.७ लाख डॉलरना गेली. आणि फेरारी २५० जीटीओचं नाव घेत असाल तर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला तिच्यातली एक ५.१७ कोटी डॉलरना विकली गेली. ते बघता युरोमिलियन्सचंही प्रत्येक पहिलं बक्षीस पुरेलच असं नाही.

नॅशनल लॉटरीच्या बाहेर आणखी दोन मार्ग आहेत आणि परीक्षण त्यांच्याशिवाय अपुरं राहील.

एक, गाडीचीच सोडत. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्या बक्षीस म्हणून ठेवणाऱ्या खासगी स्पर्धा बऱ्याच चालतात. जुगाराच्या २००५ च्या कायद्याखाली त्यांना परवान्याशिवाय चालायचं तर एकतर खऱ्या कौशल्याचा प्रश्न विचारावा लागतो किंवा फुकट प्रवेशाची वाट ठेवावी लागते, बहुधा टपालाने. हिशेब सोपा आहे. समजा १०,००० तिकिटं, प्रत्येकी १२ पौंड, बक्षीस ७०,००० पौंडांची ई-टाइप कूपे. जमा १,२०,०००, परत ७०,०००, म्हणजे पौंडातले ५८ पेन्स बक्षिसात. शक्यता दर १,२०,००० पौंडांमागे एक गाडी. सेट फॉर लाइफच्या जवळपास १९ पट चांगली. आणि टपालाने प्रवेश घेतला तर १२ पौंडांऐवजी पोस्टाचं एक तिकीट लागतं. नियमांच्या पानावर खाली पत्ता असतो. कार्डावर पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन, ईमेल आणि स्पर्धेचं नाव हाताने लिहायचं, एका लिफाफ्यात एकच प्रवेश, आणि बहुतेक ठिकाणी त्याच ईमेलचं खातं आधी उघडलेलं असावं लागतं. कार्ड बाद होण्याची नेहमीची कारणंही हीच: खातं नाही, स्पर्धेचं नाव नाही, किंवा तिकिटं संपल्यावर कार्ड पोचलं.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी बघा. तिकिटांची कमाल संख्या लिहिली आहे का? तिकिटं संपली नाहीत तरी सोडत त्याच तारखेला होणार आणि गाडीच देणार, की ‘जमलेल्या रकमेचा काही हिस्सा’ देण्याची पळवाट नियमांत आहे? रोख पर्याय किती? आणि चासी नंबर दिलाय का? शेवटचं उत्तर ‘नाही’ असेल तर तिथे थांबू नये. चासी नंबर नसलेली ई-टाइप म्हणजे कोणती ई-टाइप हेच कळत नाही. फोटो सगळे वरून आणि बाजूने, तळाचा एकही नाही, असं असेल तर गाडीची किंमत त्यांनी लावलेल्या किमतीच्या बरीच खाली धरा.

दुसरा मार्ग प्रीमियम बॉण्ड. १९५६ पासून सरकारी बचत संस्था विकते. कमीत कमी २५ पौंड, जास्तीत जास्त ५०,०००, दर पौंडाचा एक बॉण्ड आणि दर महिन्याला ‘अर्नी’ नावाच्या यंत्राची सोडत. १० लाखांची दोन बक्षिसं, त्याखाली १ लाख, ५० हजार, २५ हजार. लोट्टोत जिथे रिकामी जागा आहे तिथे इथे पायऱ्याच पायऱ्या आहेत. मुद्दल बुडत नाही, बक्षीस करमुक्त, बॉण्ड घेतल्यावर एक पूर्ण महिना गेल्यावर सोडतीत जातो. व्याज मिळत नाही, तेवढीच किंमत. वर्षाचे ते १५६ पौंड तिकिटांऐवजी इथे टाकले तर निदान दहा वर्षांनी दीड हजार पौंड शिल्लक राहतात, आणि ते एका चांगल्या तपासनिसाची फी भरून वर ब्रेकच्या कामाला पुरतात. आमचा कल स्पष्ट याच बाजूला आहे.

आता बक्षीस लागलंच असं धरून गाडीकडे वळू, कारण स्वप्न जितकं तपशीलवार तितकं ते चांगलं, आणि ई-टाइप कुठे फसवते हे तिकीट घेणाऱ्याला आधीपासून माहीत असावं.

पहिल्यांदा नंबर. इंजिनासमोरच्या चौकटीवर, उजव्या बाजूला डँपरच्या (शॉक अ‍ॅबसॉर्बरच्या) वर, चासी नंबर ठोकलेला असतो. बल्कहेडवरच्या, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या, पट्टीवर चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चारही नंबर. इंजिनाचा नंबर ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकवर आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या भागावर असा दोन जागी असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. ३.८ लिटरच्या गाड्यांत उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या रोडस्टरचे (म्हणजे उघड्या टपाच्या गाडीचे) नंबर ८५०००१ पासून, कूपेचे ८६०००१ पासून. डाव्या हाताच्या रोडस्टरचे ८७५००१ आणि कूपेचे ८८५००१ पासून. स्टिअरिंग उजवीकडे आणि नंबर ८७५ ने सुरू होणारा, तर ती मुळात डाव्या हाताची, बहुधा अमेरिकेला गेलेली आणि नंतर बदललेली गाडी. यात गुन्हा काही नाही, ब्रिटनमधल्या कित्येक ई-टाइप अशाच परतलेल्या आहेत, पण भाव त्याप्रमाणे हवा. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून मूळ नोंदीचा दाखला मिळतो. त्यात चारही नंबर, मूळ रंग आणि गाडी कुठे पाठवली होती ते असतं. विकणाऱ्याने दिलेली प्रत चालवून घेऊ नका, ट्रस्टकडून थेट आलेला दाखला मागा.

मग गंज. या गाडीचा मधला भाग मोनोकॉक आहे, पत्र्याच्या पेटीसारखा, आणि त्याला पुढे चौकोनी नळ्यांची चौकट बोल्टने जोडलेली; इंजिन त्या चौकटीत बसतं. रेनॉल्ड्स कंपनीच्या या नळ्या आतून गंजतात आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. बॅटरीखालच्या नळ्या आधी बघा, आम्ल ठिबकून तिथे पातळ होतात. नळीवर वेल्डिंगची ठिगळं दिसली तर ती चौकट बदलायचीच, डागडुजी नाही. सिल, म्हणजे दाराखालचे लांब भाग, गाडीचा भार वाहतात. रोडस्टरमध्ये एक सोपी परीक्षा: गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि दाराची फट वर-खाली बघा. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर सिल गेले. बॉनेट हा ई-टाइपचा चेहरा, आणि सगळ्यांत महाग पत्रा. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड एकत्र पुढे उघडतात. बॉनेटच्या मधल्या भागाला मडगार्ड जिथे जुळतात तिथे वरून क्रोमची पट्टी असते. पट्टीच्या कडेने रंग फुगला असेल तर खालची कड सडलेली समजा.

ब्रेकचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. मागचे डिस्क चाकाजवळ नाहीत, मधे डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला, चिकटून आहेत. डिफरन्शियलची सील गळली की तेल थेट डिस्कवर, आणि मग ना ब्रेक लागत ना हँडब्रेक धरत. काम करायला हे सगळं धरून ठेवणारा मागचा अख्खा पिंजरा उतरवावा लागतो: ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल सोडा, प्रॉपेलर शाफ्ट सोडा, रेडियस आर्म पुढच्या टोकाला तळातून सोडवा, मग चार व्ही-आकाराचे रबर माउंट. यात रेडियस आर्मचा बोल्ट गंजून बसलेला असतो आणि जोर केला की तळाचा पत्राच उचकटतो. आठवडाभर आधीपासून गंज सैल करणारं तेल सोडत राहावं. पिंजरा खाली आला की सगळी सील, बुश, डिस्क, कॅलिपर एकदमच बदला. अर्धवट काम करून परत चढवणारा माणूस वर्षभरात तोच खर्च पुन्हा करतो. क्लचचंही तसंच: प्लेट स्वस्त, पण इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढल्याशिवाय हात पोचत नाही. म्हणून गाडी बघताना चढावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण ताण देऊन बघा. आवाज चढला आणि वेग नाही, तर किमतीतून ती मजुरी वजा करून मागा.

इंजिन ३.८ लिटरचं की ४.२? दिसायला जवळजवळ सारख्या, पण १९६४ च्या शेवटी आलेल्या ४.२ मध्ये चारही गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न करकरता बसवणारी रचना, आहे, सीट बऱ्या आहेत, ब्रेकही बरे. ३.८ चा मॉस कंपनीचा गिअरबॉक्स पहिल्या गिअरला करकरतो आणि घाई खपवून घेत नाही. चालवण्यासाठी ४.२, असं आमचं ठाम मत.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर शून्य असतो, पण तो शून्य कर दरवर्षी भरल्याची नोंद करावी लागते. एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही, व्ही ११२ अर्जावर जाहीर करायचं की गाडीत मोठे बदल केलेले नाहीत. सक्ती नसली तरी वर्षातून एकदा करून घ्या. मागच्या ब्रेकची गळती तिथेच आधी पकडली जाते. पेट्रोल ई५, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, भरा. २०२१ पासून साध्या पंपावर मिळणारं ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) जुन्या रबरी नळ्या खातं, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल गळणं परवडणारं नाही.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. ब्रिटिश लॉटरीचं तिकीट इथून विकत देतो म्हणणाऱ्या वेबसाइटना पैसे पाठवू नका. लॉटरीच्या तिकिटासाठी परदेशी पैसे पाठवायला फेमाच्या, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याच्या, नियमांत सरळ मनाई आहे. ‘तुम्हाला ब्रिटनची लॉटरी लागली, आधी शुल्क भरा’ हा ईमेल तर शंभर टक्के फसवणूक. आणि फेमाच्या त्याच मनाईच्या यादीत आणखी एक ओळ आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते: लॉटरीच्या बक्षिसातून परदेशी रक्कम पाठवायलाही मनाई आहे. म्हणजे १९६९ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीचं किंवा केरळच्या बंपरचं बक्षीस लागलं, तरी तो पैसा इंग्लंडला पाठवून ई-टाइप घेता येत नाही. वर ३० टक्के कर, अधिभार आणि उपकर: एक कोटीच्या बक्षिसातून नव्या करप्रणालीत हातात साधारण ६५ लाख ६८ हजार, आणि रक्कम दोन कोटींच्या वर गेली की एकूण ३९ टक्के जातात. ५० वर्षांवरची गाडी वेगळ्या पैशातून आयात करायची म्हटली तरी शुल्क गाडीच्या किमतीला मागे टाकतं.

तेव्हा इथल्या स्वप्नाची गाडी इथेच शोधावी, भारतात आधीच नोंदलेली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. जुनी नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. नव्याने नोंदवली तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ मालिका, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. रोज ऑफिसला न्यायची मात्र परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. घेण्याआधी आरसी पुस्तकातला चासी नंबर गाडीवरच्या ठशाशी भिंगाखाली ताडून बघा, आणि मूळ पुस्तक हरवल्याची तक्रार दाखवून काढलेली दुय्यम प्रत असेल तर आरटीओतली नोंद स्वतः उपसल्याशिवाय इसार देऊ नका.